सर विल्यम टाइट आणि व्हिक्टोरियन लंडनच्या दफनभूमी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकातील ब्रिटिश वास्तुकलेविषयी वाचताना सर विल्यम टाइट हे नाव बहुधा लंडनच्या रॉयल एक्स्चेंज या व्यापारपेठेच्या निमित्ताने समोर येते आणि तेथेच मागे पडते. त्यांनी मृतांसाठी केलेले काम तुलनेने कमी वाचले जाते. पुढील प्रश्न मुख्यतः त्या कामाविषयी आहेत.

सर विल्यम टाइट कोण होते?

टाइट यांचा जन्म फेब्रुवारी १७९८ मध्ये लंडनमध्ये झाला. त्यांचे वडील रशियाशी व्यापार करणारे व्यापारी होते, त्यामुळे घरात हिशेब आणि मालाची ने-आण यांचे वातावरण होते. डेव्हिड लँग या वास्तुकाराच्या हाताखाली त्यांनी उमेदवारी केली. लँग यांनी टेम्स नदीकाठी बांधलेल्या कस्टम हाउसचा मधला भाग १८२५ मध्ये पायातील दोषामुळे खचला आणि त्याबरोबर गुरूची कारकीर्दही संपुष्टात आली. टाइट तोवर स्वतंत्रपणे काम करू लागले होते. पण इमारत उभी राहते ती जमिनीच्या भरवशावर, हा धडा त्यांनी तेव्हाच गिरवला असावा असे त्यांची पुढची कामे पाहताना वाटत राहते. १८३५ मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १८५५ पासून मृत्यूपर्यंत ते बाथ शहराचे खासदार होते, ब्रिटिश वास्तुकारांच्या संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा भूषविले आणि १८६९ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

आडनावाचा उच्चार खरोखर ‘टाइट’ असाच आहे का?

होय. मराठी वाचकाला त्यात ‘घट्ट’ ऐकू आले तर त्याला इलाज नाही. लंडनच्या चेल्सी भागातील टाइट स्ट्रीट याच गृहस्थांच्या नावाने ओळखला जातो आणि ऑस्कर वाइल्ड यांचे घर त्या रस्त्यावर होते, एवढे सांगितले की नाव लक्षात राहते.

त्या काळात लंडनला नव्या दफनभूमींची गरज का भासली?

१८०१ मध्ये लंडनची लोकसंख्या सुमारे दहा लाख होती; १८५१ पर्यंत ती तेवीस लाखांच्या पुढे गेली. माणसे वाढली, पण चर्चच्या आवारातील जागा होती तेवढीच राहिली. शतकानुशतके वापरलेल्या त्या लहानशा आवारांत एका प्रेतावर दुसरे, दुसऱ्यावर तिसरे असे थर चढत गेले, जमिनीची पातळी रस्त्याहून वर आली आणि नवा खड्डा खणताना जुनी हाडे व शवपेट्यांची लाकडे बाहेर निघणे ही नित्याची बाब झाली. स्ट्रँडजवळच्या एनन चॅपेल या प्रार्थनागृहात तर फळ्यांच्या जमिनीखालील तळघरात सुमारे बारा हजार प्रेते कोंबली होती आणि वर भाविक प्रार्थनेला बसत होते. १८३१-३२ च्या पटकीच्या साथीने हा प्रश्न दुर्गंधीपुरता राहू दिला नाही. रोग दूषित हवेतून पसरतो अशी तेव्हाची समजूत होती. ती चुकीची असली तरी तिच्यामुळे वस्तीतील दफनाविरुद्धचे मत बळकट झाले.

याला आणखी दोन कारणांची जोड होती. शरीरशास्त्राच्या शाळांना विकण्यासाठी ताजी प्रेते उकरून नेणारे चोर शहरात होते आणि १८३२ च्या कायद्याने तो धंदा बसेपर्यंत लोकांना आपल्या माणसाच्या देहाची धास्ती वाटत असे. दुसरे म्हणजे, चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरील पंथांच्या लोकांना, ज्यांना तेथे डिसेंटर म्हणत, अधिकृत चर्चच्या आवारात त्याच चर्चच्या विधीने पुरले जाणे मान्य नव्हते. पॅरिसमध्ये १८०४ पासून पेर-लाशेज ही बागेसारखी दफनभूमी सुरू होती. जॉर्ज फ्रेडरिक कार्डन या वकिलाने तिचा आदर्श पुढे ठेवून बराच काळ खटपट केली आणि जानेवारी १८३३ मध्ये केन्सल ग्रीन येथे लंडनची पहिली मोठी खासगी दफनभूमी सुरू झाली. १८४१ पर्यंत शहराभोवती अशा सात दफनभूमी झाल्या. त्या उभारल्या सरकारने नव्हे, तर भागभांडवल गोळा करणाऱ्या कंपन्यांनी. कबरीची जागा विकत घेऊन कायमची आपली करता येते, ही कल्पना मध्यमवर्गाला नवी होती आणि ती चांगली खपली.

टाइट यांनी यांपैकी कोणती दफनभूमी आखली?

सातांपैकी दुसरी, म्हणजे दक्षिण लंडनमधील वेस्ट नॉरवुड. साउथ मेट्रोपॉलिटन सेमेटरी कंपनीला १८३६ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने परवानगी मिळाली, सुमारे चाळीस एकरांची टेकडी घेण्यात आली आणि डिसेंबर १८३७ मध्ये विंचेस्टरचे बिशप चार्ल्स समनर यांच्या हस्ते तिचे पवित्रीकरण झाले. टाइट तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते.

आखणी पाहिली तर त्यांचा स्वभाव कळतो. रस्त्यालगत, उताराच्या पायथ्याशी, दगडी गॉथिक कमान आणि लोखंडी फाटक. आवाराभोवती भिंत आणि कठडे, कारण प्रेतचोरांची आठवण अजून ताजी होती. फाटकातून आत शिरलेला रस्ता सरळ अंगावर येत नाही. तो वळणे घेत टेकडीवर चढतो, म्हणजे घोड्यांच्या शववाहिनीला चढ झेपतो आणि मागून येणाऱ्यांना माथ्यावरची इमारत टप्प्याटप्प्याने दिसत जाते. माथ्यावर दोन चॅपेल होती, एक चर्च ऑफ इंग्लंडच्या लोकांसाठी आणि दुसरे डिसेंटर मंडळींसाठी. जमीनही तशीच विभागलेली होती: एक भाग पवित्र केलेला, दुसरा न केलेला. दोन पंथांच्या अंत्ययात्रा एकाच फाटकातून शिरून एकमेकींच्या वाटेत न येता आपापल्या ठिकाणी पोहोचाव्यात, ही खरी गरज होती आणि तिच्यापुढे कोरीव कामाला दुय्यम स्थान होते.

वेस्ट नॉरवुडसाठी गॉथिक शैली का निवडली गेली?

आज इंग्लंडमधील दफनभूमी म्हटले की टोकदार कमानी डोळ्यांसमोर येतात, पण १८३७ मध्ये ते गृहीत धरण्याजोगे नव्हते. केन्सल ग्रीनसाठी झालेल्या स्पर्धेत हेन्री एडवर्ड केंडल यांचा गॉथिक आराखडा पहिला आला होता; तथापि कंपनीच्या सूत्रधारांना ग्रीक शैली हवी होती आणि शेवटी जॉन ग्रिफिथ यांच्या ग्रीक धाटणीच्या इमारती तेथे उभ्या राहिल्या. हायगेट दफनभूमीने इजिप्शियन थाटाची वाट निवडली. त्यामुळे लंडनच्या या मोठ्या दफनभूमींमध्ये गॉथिक शैलीत प्रत्यक्ष बांधली गेलेली पहिली म्हणजे नॉरवुड.

गंमत अशी की टाइट हे गॉथिकचे कैवारी मुळीच नव्हते. पुढे सरकारी परराष्ट्र कचेरीसाठी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी गॉथिक आराखडा दिला, तेव्हा पार्लमेंटमध्ये त्याला विरोध करणाऱ्यांत टाइट आघाडीवर होते. यात विसंगती शोधण्यापेक्षा त्यांची व्यवहारदृष्टी पाहणे अधिक योग्य ठरेल. व्यापारपेठेला रोमन खांब शोभतात आणि ख्रिस्ती दफनाला गॉथिक कमान, असा साधा औचित्याचा हिशेब त्यामागे होता. शैली हा त्यांचा धर्म नव्हता. त्यांच्या वास्तूंना समीक्षकांचे प्रेम कमी मिळाले ते बहुधा याचमुळे.

चॅपेलखालील भुयारात नेमके काय होते?

चर्च ऑफ इंग्लंडच्या चॅपेलखाली विटांच्या कमानींचे भुयार होते. ज्यांना मातीत पुरले जाणे नको होते आणि ज्यांना परवडत होते, त्यांच्या शवपेट्या तेथील कोनाड्यांत ठेवल्या जात. अशा पेटीला आतून शिशाचे अस्तर लावून ते डाक देऊन बंद करीत, त्यामुळे ती इतकी जड होई की चार माणसांनी अरुंद जिन्याने ती खाली उतरवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण होते आणि शोकविधीची शोभाही जात असे.

त्यावरचा उपाय १८३९ मध्ये ब्रामा अँड रॉबिन्सन या कारखान्याने बनवलेल्या पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या पाळण्याचा, म्हणजे लिफ्टचा, होता. चॅपेलच्या मध्यभागी चौथऱ्यावर शवपेटी ठेवलेली असे. धर्मगुरूंचे वाचन संपत येई, तसा तो चौथरा पेटीसकट जमिनीखाली उतरू लागे. ना साखळ्यांचा खडखडाट, ना माणसांची हाकाटी. वर बसलेल्यांना दिसे ते एवढेच की पेटी हळूहळू दिसेनाशी झाली. खाली थांबलेली माणसे ती पेटी विटांच्या बोळातून लोखंडी जाळीच्या कोनाड्यापर्यंत नेत. हे यंत्र वास्तुकाराने स्वतः बनवले नाही. परंतु दुःखात असलेल्यांना ओझे दिसू नये, या विचाराभोवती चॅपेलची सारी मांडणी गुंफलेली होती.

नॉरवुडच्या आखणीवर त्या काळात टीका झाली का?

झाली, आणि ती मुख्यतः झाडांवरून झाली. जॉन क्लॉडियस लाउडन या उद्यानतज्ज्ञांनी दफनभूमींच्या रचनेविषयी १८४३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात नॉरवुडची दोन चित्रे दिली. पहिल्यात जागा ‘विहारोद्यानाच्या पद्धतीने’ लावलेली आहे: हिरवळीवर विखुरलेले गोलसर, पानगळीचे वृक्ष. दुसऱ्यात तीच टेकडी, तीच चॅपेल, पण रस्त्यांच्या कडेने आणि कबरींच्या रांगांमधून उंच, निमुळती, गडद सदाहरित झाडे. लाउडन यांचे म्हणणे असे की बाग ती बाग आणि दफनभूमी ती दफनभूमी. पाहताक्षणी फरक कळला पाहिजे. शिवाय सुचिपर्णी झाडांची सावली कमी पसरते, त्यामुळे वारा खेळतो, जमीन कोरडी राहते आणि पानांचा कचराही कमी पडतो. सौंदर्यदृष्टीमागे आरोग्याचे गणित होते. या वादात मला लाउडन यांची बाजू पटते, पण आज नॉरवुडला जाणाऱ्यांना मोहवते ती नेमकी मोठ्या, पसरट वृक्षांची दाटीच.

टाइट यांचा रेल्वेशी काय संबंध होता?

फार जवळचा. रेल्वे कंपन्यांसाठी जमिनींचे मूल्य ठरवणे हे त्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन होते आणि स्थानकांची कामेही त्यांच्याकडे चालून येत. लंडनमधील नाइन एल्म्स, साउदॅम्प्टनचे टर्मिनस, कार्लाइल, पर्थ, विंडसर अँड ईटन रिव्हरसाइड ही स्थानके त्यांची आहेत. पॅरिसहून रूआं आणि ल हाव्रकडे जाणाऱ्या फ्रेंच मार्गावरही त्यांनी काम केले. दफनभूमीच्या संदर्भात हे सांगण्याचे कारण असे की दोन्हीकडे प्रश्न एकच होता: वेगवेगळ्या वर्गांची, वेगवेगळ्या ठिकाणी जाणारी माणसे एका दारातून आत घ्यायची आणि गोंधळ न होता मार्गी लावायची.

मृतांसाठी खास आगगाडी होती हे खरे आहे का?

खरे आहे. १८४८-४९ च्या पटकीच्या साथीनंतर शहराजवळच्या खासगी दफनभूमीही अपुऱ्या ठरल्या. लंडनपासून सुमारे सदतीस किलोमीटरवर, सरे परगण्यातील वोकिंगजवळच्या माळावर एक प्रचंड ‘मृतांचे नगर’ वसवावे आणि तेथे आगगाडीने शवपेट्या न्याव्यात, ही कल्पना १८४९ मध्ये पुढे आली. १८५२ मध्ये पार्लमेंटने लंडन नेक्रॉपोलिस कंपनीच्या स्थापनेचा कायदा केला आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये ब्रुकवुड येथे दफने सुरू झाली. कंपनीने घेतलेली जमीन सुमारे दोन हजार एकर होती. त्यातील चतुर्थांश भाग प्रथम वापरात आला. या जागेच्या आखणीशी टाइट यांचे नाव जोडले जाते. वास्तुकार सिडनी स्मर्क हेही या कामात होते. गाडी जेथून सुटत असे ते वॉटर्लूजवळचे स्थानक टाइट यांनी अभियंता विल्यम क्युबिट यांच्यासह रचले.

हे स्थानक थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. मुख्य मार्ग विटांच्या कमानींवरून जात असल्याने फलाट रस्त्याच्या पातळीहून वर होता. कमानींच्या पोकळ्यांत शवपेट्या ठेवण्याची सोय होती आणि तेथून त्या वाफेवर चालणाऱ्या पाळण्याने फलाटावर चढवल्या जात. नॉरवुडला पेटी खाली उतरे, वॉटर्लूला ती वर चढे. दोन्हीकडे नातेवाइकांच्या नजरेआड. वरच्या आणि खालच्या दर्जाच्या प्रवाशांच्या वाटा निराळ्या होत्या, प्रतीक्षेच्या खोल्या वेगळ्या होत्या. गाडीचे डबे आधी पंथानुसार आणि मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दर्जानुसार विभागलेले असत. हाच नियम पेट्यांनाही लागू होता.

भाडे कायद्याने बांधलेले होते. जिवंत माणसाचे परतीचे तिकीट पहिल्या दर्जाला सहा शिलिंग, दुसऱ्याला साडेतीन आणि तिसऱ्याला दोन. शवपेटीसाठी अनुक्रमे एक पौंड, पाच शिलिंग आणि अडीच शिलिंग. पेटीचे तिकीट अर्थातच एकेरी. ब्रुकवुडच्या आवारात दोन स्थानके होती, उत्तरेकडील डिसेंटर व इतरांसाठी आणि दक्षिणेकडील चर्च ऑफ इंग्लंडसाठी. म्हणजे नॉरवुडच्या टेकडीवर दोन चॅपेलांनी जे साधले होते, ते येथे दोन फलाटांनी साधले. पुढे १९०२ मध्ये लंडनमधील स्थानक वेस्टमिन्स्टर ब्रिज रस्त्यावर हलवण्यात आले. एप्रिल १९४१ च्या बाँबहल्ल्यात त्याची वाताहत झाली आणि गाडी कायमची थांबली, तरी त्या दुसऱ्या स्थानकाचा दर्शनी भाग अजून उभा आहे.

या साऱ्याचा मुंबईशी काही संबंध येतो का?

ब्रुकवुडच्या बाबतीत थेट येतो. त्या दफनभूमीत एकोणिसाव्या शतकापासून पारशी समाजासाठी राखलेला भाग आहे. मुंबईत पारशांच्या अंत्यविधीची जागा, डुंगरवाडी, होती. इंग्लंडमध्ये दख्म्याची, म्हणजे प्रेत पक्ष्यांसाठी उघड्यावर ठेवण्याच्या बुरुजाची, सोय नव्हती, म्हणून परदेशी वारलेल्या पारशांसाठी दफन हा मार्ग निघाला. जमशेटजी टाटा यांचे मे १९०४ मध्ये जर्मनीतील बाड नाउहाइम येथे निधन झाले आणि ते ब्रुकवुडला विसावले. त्यांचे धाकटे पुत्र सर रतन टाटा १९१८ मध्ये आणि थोरले सर दोराबजी टाटा १९३२ मध्ये तेथेच आले. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई यांचीही समाधी तेथे आहे. बॅटरसीचे खासदार शापुरजी सकलातवाला यांच्या अस्थीही ब्रुकवुडलाच आहेत. मुंबईहून लंडनला जाणाऱ्यांपैकी फार थोडे लोक हा फेरा घेतात, याचे नवल वाटते, कारण वॉटर्लूहून तेथे साध्या लोकलसारख्या गाडीने जाता येते.

दुसरा धागा वर आलेल्या शैलीच्या वादाचा आहे. लंडनच्या परराष्ट्र कचेरीसाठी गिल्बर्ट स्कॉट यांना गॉथिक सोडून इटालियन धाटणी पत्करावी लागली. पण पुढे मुंबई विद्यापीठाचा पदवीदान सभागृह आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे त्याच स्कॉट यांनी गॉथिकमध्येच दिले. टाइट आणि त्यांच्या बाजूच्यांनी लंडनमध्ये जे अडवले, ते ओव्हल मैदानासमोर उभे राहिले.

दफनभूमींखेरीज त्यांची प्रमुख वास्तू कोणती?

रॉयल एक्स्चेंज. जुनी इमारत जानेवारी १८३८ मध्ये आगीत भस्मसात झाली, नव्या इमारतीच्या स्पर्धेवरून बरेच रामायण घडले आणि अखेर काम टाइट यांच्याकडे आले. ऑक्टोबर १८४४ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. पाया खणताना रोमनकालीन वस्तू निघाल्या, तेव्हा त्यांची सूची टाइट यांनी स्वतः तयार करून प्रसिद्ध केली.

दफनभूमी आखणारे त्यांचे समकालीन कोण होते?

हायगेटचे स्टीफन गिअरी हे कल्पक आणि धाडसी उद्योजक होते. जेम्स बन्स्टन बनिंग यांनी नन्हेड आखली आणि पुढे ते लंडन नगरीचे वास्तुकार झाले. ॲबनी पार्कचे चॅपेल विल्यम हॉस्किंग यांचे. सर्वांत दुर्दैवी बेंजामिन बॉड: ब्रॉम्प्टनची घुमट आणि कमानींची भव्य मांडणी त्यांची, पण बांधकामातील दोषांवरून कंपनीशी बिनसले आणि त्यांना काम गमवावे लागले. केवळ दृश्यपरिणाम पाहिला तर हायगेट आणि ब्रॉम्प्टन दोन्ही नॉरवुडपेक्षा सरस आहेत, हे मान्य करायला हवे.

नॉरवुडमध्ये कोणाच्या समाध्या आहेत?

पोलाद स्वस्त करणारे हेन्री बेसेमर, साखरसम्राट हेन्री टेट, वृत्तसंस्थेचे पॉल ज्युलियस रॉयटर, मशीनगनचे हायरम मॅक्झिम, गृहव्यवस्थेच्या ग्रंथामुळे घरोघरी पोहोचलेल्या आणि अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी वारलेल्या इझाबेला बीटन. मातीच्या भांड्यांचे कारखानदार हेन्री डूल्टन यांची समाधी साहजिकच तांबड्या भाजक्या मातीची आहे. १८४२ पासून ग्रीक व्यापाऱ्यांनी घेतलेला स्वतंत्र भाग हे नॉरवुडचे खरे वैभव. जहाजांवर आणि कापसावर श्रीमंत झालेल्या घराण्यांनी तेथे छोटी छोटी देवळेच उभारली आहेत.

टाइट यांच्या कामापैकी नॉरवुडमध्ये आज काय उरले आहे?

प्रवेशद्वाराची कमान, कठडे, वळणदार रस्ते आणि भुयार. दोन्ही चॅपेलना दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्यांत फटका बसला. नंतर डिसेंटरांच्या चॅपेलची जागा दाहगृहाने घेतली आणि दुसरे चॅपेल पाडण्यात आले. १९६० च्या दशकात दफनभूमी स्थानिक नगरपालिकेच्या ताब्यात गेली. देखभाल सोपी व्हावी म्हणून हजारो जुने दगड हटवून हिरवळ करण्यात आली. १९९४ मध्ये धर्मपीठाच्या न्यायालयाने हे काम बेकायदेशीर ठरवले.

स्वतः टाइट कोठे पुरले गेले?

एप्रिल १८७३ मध्ये टॉर्की येथे त्यांचे निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. त्यांची शवपेटी नॉरवुडला आणून त्यांनीच रचलेल्या चॅपेलखालील भुयारात ठेवण्यात आली. वरचे चॅपेल गेले, त्या जागी गुलाबांची बाग झाली. खाली ब्रामा अँड रॉबिन्सनचा तो पाळणा मात्र अजून जागच्या जागी आहे.